फोड कुठे आलाय, ते आधी बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू आहे, दहा किलोमीटरपर्यंत काही त्रास नाही, पण बाराच्या पुढे गेलं की पायाला फोड येतात. उजव्या पायाच्या करंगळीखाली चवड्याला नेहमी, आणि 'कधीकधी डाव्या पायालाही, पण तो वेगळाच, अंगठ्याच्या आतल्या बाजूला'. दोनदा बूट बदलले, दुसऱ्यांदा एक नंबर मोठा घेतला. व्हॅसलीन लावून झालं, पावडर टाकून झाली. आता कुणी तुरटीच्या पाण्यात पाय बुडवायला सांगतंय, कुणी फोडात दोरा ओवायला. यातलं नेमकं काय करू?

दोरा ओवू नका. तेवढं आधी सांगून ठेवतो, बाकीचं सावकाश.

मी गेली बावीस वर्षं नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे लोकांना पळायला शिकवतोय. (कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं.) श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीच्या, म्हणजे प्रदक्षिणेच्या, वाटेवर आम्ही काहीजण मलमपट्टीचं टेबल मांडून बसतो. त्यामुळे तळपाय पुष्कळ पाहिलेत. आणि तुमच्या सगळ्या मजकुरात मला कामाचा वाटला तो तुम्ही जाता जाता लिहिलेला शब्द: 'वेगळाच'. तो फोड वेगळा नाही. दोन्ही फोड एकाच कारणाचे आहेत असा माझा अंदाज आहे, आणि ते कारण बुटात नाही. पण ते पटायचं तर फोड येतो कसा, ते आधी बघावं लागेल.

आपण म्हणतो 'बूट चावला', 'चप्पल लागली'. भाषेनेच ठरवून टाकलंय की गुन्हेगार बाहेरचा आहे आणि तो वरून कातडं घासतो. वरून घासलं तर खरचटतं, साल निघते. फोड ही आतली गोष्ट आहे. एक करून बघा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि ते घसरू न देता पुढेमागे हलवा. बोट कातडीवरून सरकत नाही, कातडीच बोटाबरोबर ओढली जाते, आणि खालचं हाड मात्र जागच्या जागी राहतं. पळताना नेमकं याच्या उलट होतं. तळव्याची कातडी मोज्याला आणि बुटाला धरून राहते, आणि आतलं हाड पुढे सरकतं. मधल्या थरांची ओढाताण होते. बारा किलोमीटरमध्ये एकेक पाय सहासात हजार वेळा टेकतो, म्हणजे तेवढ्या वेळा तीच ओढाताण त्याच जागी. शेवटी वरच्या कातडीतले थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी धरतं. पाणी धरायला वेळ लागतो, म्हणूनच पळून आल्यावर पाय लाल दिसतो आणि अंघोळ, नाश्ता उरकून बघावं तर फोड टरारलेला असतो. तळवा आणि तळहात इथेच हे जास्त होतं, कारण तिथलं कातडं जाड आहे. ते फाटत नाही, आत सुटतं. पातळ कातडं असतं तर सोलवटून निघालं असतं.

म्हणजे फोड येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हाडाची हालचाल, कातडीला घट्ट धरून ठेवणारा पृष्ठभाग, आणि हेच हजारो वेळा होणं. हजारो वेळा होणं टाळता येत नाही, पळायचंच आहे. उरलेल्या दोहोंपैकी कुठल्याही एकाला हात घातला तरी काम होतं. लोक मात्र सगळे उपाय एकदम करतात, आणि मग फोड थांबला तरी कशाने थांबला ते कळत नाही.

म्हणून मी समोर आलेल्याला पहिला प्रश्न 'कुठले बूट?' असा विचारत नाही. मोजा काढायला सांगतो आणि फोड कुठे आहे ते बघतो. टाचेच्या मागे असेल तर टाच बुटात वरखाली होतेय. बोटांच्या टोकाला किंवा नखाखाली असेल तर पाय पुढे आदळतोय, एकतर बूट आखूड आहे किंवा उतार फार पळताय. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरून आलेल्यांची नखं काळी का पडतात, तर याचमुळे. बोटांच्या बेचक्यात असेल तर बोटं एकमेकांवर घासताहेत आणि बुटाचा पुढचा भाग अरुंद आहे. चवड्याच्या मधोमध असेल तर पाय टेकताना पुढेमागे घसरतोय.

आता तुमचा. उजव्या पायाला करंगळीच्या बाजूला, म्हणजे पायाच्या उजव्या कडेला. डाव्या पायाला अंगठ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे तीही त्या पायाची उजवीच कड. कागदावर दोन पावलं काढून खुणा करा, लगेच दिसेल. दोन्ही पाय बुटाच्या आत उजवीकडे सरकताहेत. दोन्ही बूट सारखे, मोजे सारखे, घाम सारखा, आणि सरकणं मात्र एकाच दिशेला. मग जमिनीकडे बघायला हवं.

तुम्ही लिहिलंय की रविवारी जेहान सर्कलहून सोमेश्वर आणि पुढे गंगापूर गावाकडे, समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने जाता, आणि परततानाही तसंच. बरोबर करता, त्यात बदल करू नका. पण डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो. म्हणजे जाताना तुमच्या पायाखालची जमीन उजवीकडे कललेली, आणि येतानाही उजवीकडेच. दहा किलोमीटरपर्यंत पाय हे सोसतात, बाराव्याला हात टेकतात. त्यात तुम्ही बूट एक नंबर मोठा घेतलात. लांबी हवी होती की नव्हती ते माहीत नाही, पण रुंदीही वाढली आणि पायाला आत सरकायला आणखी मोकळं मैदान मिळालं. बूट बदलूनही फोड वाढला यात नवल नाही.

यावर करायचं काय? रस्त्याच्या मधोमध पळा असं मी कुणालाही सांगणार नाही. स्पर्धेच्या दिवशी रस्ता बंद असेल तर तिथे जरूर मधला सपाट भाग धरा. एरवी लांब पल्ल्यातले चारपाच किलोमीटर सपाट जागी काढा, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, आमचं मैदान आहे. तिथेही सगळे ज्या दिशेने गोल फिरतात त्याच दिशेने रोज फिरू नका. डावा हात सतत आतल्या बाजूला ठेवून गोल पळलात की वळणावर पाय पुन्हा बुटात उजवीकडेच ढकलला जातो. एक दिवस असं, एक दिवस उलट. लोक कपाळाला आठ्या घालून बघतात, बघू द्या.

आता नाडी. ही गोष्ट इतकी साधी आहे की सांगितल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पळायच्या बहुतेक बुटांना वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं आणि ते रिकामंच राहतं. दुकानदार तिथे नाडी घालून देत नाही, आपणही घालत नाही. नाडी समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना छोटा फास तयार होईल. मग डाव्या नाडीचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्यातून काढून, दोन्ही टोकं खाली आणि मागे, टाचेच्या दिशेने ओढा. घोट्यापुढे बूट असा बसतो की टाच उचलत नाही. आता चवड्यावरच्या नाड्या थोड्या सैल ठेवता येतात, कारण पाय धरून ठेवण्याचं काम वरच्या फासाने घेतलं. बांधताना आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग नाडी ओढा. उभ्या उभ्या, बोटांवर दाब देऊन बांधलीत तर पाय पुढे सरकलेल्या अवस्थेत कैद होतो. मी मैदानावर नव्या माणसाचा एक बूट असा बांधून देतो आणि दुसरा त्याचा तसाच ठेवतो, दोन चकरा मारून यायला सांगतो. बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

बुटाचं माप एवढंच सांगतो: आतला सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर पळायचा मोजा घालून उभे राहा, पूर्ण वजन टाकून. सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठाच असतो असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं) अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, आणि करंगळीची बाजू सुकतळ्याच्या बाहेर सांडायला नको. सांडत असेल तर लांबी वाढवून उपयोग नाही, रुंद साच्याचा बूट घ्यावा लागेल. हे संध्याकाळी करा. दिवसभरात पाय फुगतो, पळतानाही फुगतो. सकाळी दहाला दुकानात बेतशीर बसलेला बूट पंधराव्या किलोमीटरला आवळतो. जुना एक नंबर लहानचा बूट अजून घरात असेल तर त्याच्याही सुकतळ्यावर उभे राहून बघा. कदाचित तोच बरा निघेल.

आता ओल. नाशिकच्या पावसाळ्याचं दुखणं म्हणजे धो धो पाऊस नव्हे, ती दिवसभर चालणारी रिमझिम. कातडी अगदी कोरडी असताना तिची पकड कमी असते, आणि पाणी वाहत असताना तीही निसरडी होते. मधली दमट अवस्था सगळ्यात वाईट, तेव्हा मोजा कातडीला चिकटून बसतो. घामाने भिजलेला सुती मोजा नेमका याच अवस्थेत तासन् तास राहतो. सूत पाणी पितं आणि सोडत नाही, वर फुगून त्याच्या सुरकुत्या पडतात. म्हणून शाळेच्या मोज्यांचे तीन जोड एका पाकिटात मिळतात ते पळायला वापरायचे नाहीत. पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक असं काही असलेला, किंवा परवडत असेल तर मेरिनो लोकरीचा मोजा घ्या. पायाला घट्ट बसणारा, टाचेचा आकार असलेला. घेताना उलटा करून बोटांजवळची शिवण चाचपून बघा, तिथे दोऱ्याची गाठ किंवा जाड कड लागली तर ठेवून द्या.

मोज्यांबाबतीत मला खरं शहाणपण शिकवलं ते देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी. ते आमच्याबरोबर पळायचे तेव्हा साठीच्या पुढचे होते, आणि त्यांच्या पायाला फोड आलेला मी कधी पाहिला नाही. आत पातळ नायलॉनचा मोजा, वर नेहमीचा जाड. एवढंच. 'घासायचंच आहे ना, मग मोजे मोजे आपसात घासू देत, माझ्या पायाचा काय संबंध?' असं म्हणायचे. यातलं शास्त्र पक्कं आहे. सरकणं दोन मोज्यांच्या मधे होतं, कातडीच्या आत होत नाही. हल्ली दोन थरांचे तयार मोजेही मिळतात, आणि बोटं बेचक्यात घासत असतील तर हातमोज्यासारखे पाच बोटांचेही. मात्र दोन मोजे घालायचे तर त्या मापाची जागा बुटात हवी. नसेल तर एकच चांगला घाला.

व्हॅसलीनने तुमचं का जमलं नाही, तेही यातच आहे. तेलकट थर सुरुवातीला सरकवतो, पण तासादीड तासात तो मोज्यात जिरतो आणि उरलेली चिकट ओल पकड उलट वाढवते. दहा किलोमीटर तासाभरात होत असतील तर व्हॅसलीन उत्तम वाटेल, आणि तुमची तक्रार बाराच्या पुढेच सुरू होते. काखेत, मांडीत जरूर लावा. तळव्याला लावायचंच तर लांब पल्ल्यात मधे एकदा पुसून पुन्हा लावावं लागेल. पावडरचं म्हणाल तर ती घामात कालवली की तिचे गोळे होतात आणि मग बुटात रेती घालून पळल्यासारखं. पावडर पळून आल्यावर, पाय धुऊन पुसल्यानंतर, दिवसभराच्या बुटात.

पायाला घाम फार येत असेल तर घामरोधक औषध हा एक मार्ग आहे, पण तो मी सरसकट सुचवत नाही. अमेरिकेतल्या लष्करी कॅडेटांवरचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण काही रात्री पायाला लावून त्यांना २१ किलोमीटर चालवलं. ज्यांनी निदान तीन रात्री लावलं होतं त्यांच्यात २१ टक्के जणांना फोड आले, साधं द्रावण लावलेल्यांत ४८ टक्के जणांना. फरक मोठा आहे. पण औषधवाल्यांपैकी ५७ टक्के जणांच्या कातडीला खाज, जळजळ झाली. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तुरटीचं नातं तिथेच लागतं. तीही ॲल्युमिनियमचाच क्षार, कातडं आकसवते, दाढी करताना आपण लावतोच. पण तिच्यामुळे कातडं चिवट होतं आणि फोड थांबतो असं मला तरी कधी दिसलं नाही, भेगा वाढलेल्या मात्र पाहिल्यात. स्पिरिटचंही तेच. कातडं तयार होतं ते हळूहळू वाढवलेल्या अंतराने. पंधरा दिवस सुट्टी घेऊन आलात की पहिल्याच लांब पल्ल्याला फोड का येतो, याचं उत्तर तेच: पाय विसरले.

सावरपाड्याच्या कविता राऊतचं उदाहरण इथे कुणीतरी हमखास काढतो. लहानपणी अनवाणी धावणारी मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य. खरं आहे, पण ते पाय लहानपणापासून डोंगरात घडलेले. कॉलेज रोडवर वाढलेल्या आपल्या पायांना चार महिन्यांत ते जमणार नाही. फेरीच्या टेबलावर मला दरवर्षी हेच दिसतं. अनवाणी आलेले लोक ठेच, काटा, कापलेली बोटं घेऊन येतात. फोडाची रांग असते ती नवे पांढरे बूट आणि भिजलेले सुती मोजे घालून वीस किलोमीटर चाललेल्यांची.

आणि म्हणून घट्टे म्हणजे संरक्षण असं समजू नका. थोडं जाड कातडं चांगलं, पण कडेला कठीण, पिवळट घट्टा झाला की तो एकसंध तुकड्यासारखा हलतो आणि फोड त्याच्या खाली, खोलवर येतो. तो दिसत नाही, नुसता ठणकतो, आणि त्यातलं पाणी काढताही येत नाही. अंघोळीच्या वेळी पाय भिजल्यावर आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने वज्री फिरवा. आजीच्या न्हाणीघरात असायची तीच. कातडं गुळगुळीत करायचंय, सोलून काढायचं नाही. हिवाळ्यात आपल्याकडे टाचा तडकतात तेव्हा रात्री कोकमतेल. नखं सरळ कापा, शर्यतीच्या दोनतीन दिवस आधी. आदल्या रात्री वज्री आणि नेलकटर दोन्ही कपाटात.

तुमच्यासाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो उपाय मेडिकलच्या दुकानात मिळतो: कागदी पट्टी, मायक्रोपोर म्हणून मागा. २०१४ साली २५० किलोमीटरच्या वाळवंटी शर्यतींत १२८ धावपटूंवर हे तपासलं होतं. प्रत्येकाच्या एका पायाला ही पट्टी लावली, पट्टी न लावलेल्या जागा तुलनेसाठी. पट्टी लावलेल्या जागी फोड येण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. लावायची पद्धत मात्र महत्त्वाची. पाय धुऊन पूर्ण कोरडा करा, तेल-क्रीम काही नको. जिथे दरवेळी फोड येतो त्या जागी एकच थर, चारी बाजूंनी बोटभर जास्त. कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपराच आधी उचलतो. सुरकुती पडली तर काढून फेका आणि नवी लावा, कारण सुरकुतीवरच नवा फोड येतो. मग तळहात अर्धा मिनिट दाबून धरा, उबेने ती बसते. मोजा चढवताना ओढू नका, गोळा करून बोटांपासून वर उलगडत न्या. तुम्ही उजव्या करंगळीखाली आणि डाव्या अंगठ्याच्या आत, दोन्ही जागी लावा. पावसात पट्टी सुटत असेल तर झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी वापरता येते, पण ती काढताना सावकाश. फोडावर लावून ओढून काढलीत तर वरचं कातडं तिच्याबरोबर येईल.

एवढं सगळं करूनही एखाद्या रविवारी जागा चुणचुणायला लागेल. आधी नुसती ऊब जाणवते, मग चटका. हा इशारा फोडाच्या बराच आधी मिळतो, आणि जवळजवळ प्रत्येकजण 'अजून तीनच किलोमीटर राहिलेत' म्हणून तो गिळतो. थांबा. कडेला बसा, बूट काढा, खडा आहे का बघा, मोजा उलटा करून झटका, कातडी पुसा, खिशात ठेवलेली पट्टी लावा. मी माझ्या कमरेच्या पाकिटात आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळलेली हातभर पट्टी ठेवतो. दोनअडीच मिनिटं जातात. मिसळ तेवढी थांबते.

मी स्वतः थांबलो नव्हतो. पहिल्यांदा नाशिकहून त्र्यंबकला पळत गेलो, सुमारे २८ किलोमीटर, आदल्या दिवशी घेतलेले मोजे घालून. अंजनेरीच्या अलीकडे टाच पेटली होती. कुशावर्तावर पोचेपर्यंत फोड फुटून मोजा चिकटला होता. घरी येऊन मी हुशारीने नेलकटरने त्याचं सगळं कातडं कापून टाकलं, 'हवा लागू दे' म्हणून. पुढचे बारा दिवस चपलेत. त्याहून वाईट म्हणजे टाच वाचवत लंगडत चाललो, त्याने दुसरा गुडघा धरला, आणि तो दोन महिने बोलत होता.

म्हणून फोड आल्यावर काय करायचं ते नीट. लहान असेल, दुखत नसेल तर हात लावू नका. वरचं कातडं हीच सगळ्यात चांगली पट्टी. मोठा, ताणलेला, वजन पडण्याच्या जागी असेल आणि चालणंच कठीण असेल तर पाणी काढा, कातडं ठेवा. साबणाने हात आणि पाय धुवा, बीटाडीन लावा, मेडिकलमधून आणलेली नवी, पाकीटबंद सुई घ्या. गॅसवर तापवलेली शिवणकामाची सुई नको, तिच्यावर काजळी धरते. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूने दोनतीन टोचे, गॉजने हलकं दाबून पाणी बाहेर, पुन्हा बीटाडीन, वर पट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरेल, तेव्हा पुन्हा तेच. वारीला, पालखीला जाणारे लोक सुईदोरा आरपार ओवून दोरा आत ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पाणी बाहेर येतं तसंच बाहेरची घाण त्याच दोऱ्यावरून आत जाते, म्हणून सुरुवातीलाच नको म्हटलं. हळद, चुना, टूथपेस्टही नको. रक्ताने भरलेला फोड फोडू नका.

घरात कुणाला मधुमेह असेल आणि तो हे वाचत असेल तर यातलं काहीही स्वतः करायचं नाही, फोड कितीही लहान असो. त्यांना पायाची संवेदना कमी असू शकते, आणि बारीकशी जखम चिघळायला वेळ लागत नाही. डॉक्टरांना दाखवा. इतरांनीही लाली पसरत असेल, पू, ताप, किंवा पायावर वर चढणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी दाखवावं.

तर पुढच्या रविवारी एवढंच बदला: जास्तीच्या भोकातून नाडी, दोन जागी कागदी पट्टी, आणि निम्मं अंतर सपाट जागेवर. मोजे आणि बूट आत्ताचेच राहू द्या. घरी आल्यावर मोजे बादलीत टाकायच्या आधी उलटे करा आणि उजेडात धरा. जिथे विणकाम विरलंय, चपटं झालंय, तिथे पाय सरकतोय. दोन्ही मोज्यांवर ती जागा अजूनही उजव्या कडेलाच असेल, तर मग बुटाच्या रुंदीकडे वळू.